स्वस्त एलईडीवर रीफ टँक: दिवा टांगण्यापासून पंखा बदलण्यापर्यंत

रीफ टँक म्हणजे घरातली खाऱ्या पाण्याची, जिवंत प्रवाळांची टाकी. तिच्यातले झोआ मिटून बसले, मशरूम आक्रसले, लेदर कोरल आठ दिवस उघडलं नाही (हे तिन्ही मऊ प्रवाळांचे प्रकार), की बहुतेक जण दोष स्वस्त दिव्याला देतात आणि महागड्या दिव्यांचे भाव काढायला लागतात. ठाणे-नवी मुंबईतल्या ओळखीच्यांच्या टाक्या पाहायला मी जाते तेव्हा मला दिवा बहुधा ठीकच दिसतो. तो पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने लावलेला असतो, पाण्यापासून चार बोटांवर टांगलेला असतो, नाहीतर दीड वर्षात त्याच्या पंख्याकडे कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. क्रम मोडू नका. बरंच नुकसान पायऱ्या मागेपुढे झाल्यामुळे होतं.

## कुठला दिवा, कुठले प्रवाळ

इथे जो दिवा धरला आहे तो 'ब्लॅक बॉक्स': काळ्या पत्र्याचा चपटा डबा, खाली ५५ एलईडी, वर दोन पंखे आणि दोन बटणं. एक निळ्या चॅनलचं, म्हणजे निळ्या एलईडींच्या गटाचं, दुसरं पांढऱ्या चॅनलचं. प्रत्येक चॅनलची कॉर्ड वेगळी. खोक्यावर १६५ वॉट लिहिलेलं असतं, कारण ५५ एलईडी प्रत्येकी ३ वॉटचे मोजलेले असतात. प्रत्यक्षात दोन्ही बटणं पूर्ण फिरवली तरी तो साधारण १०० ते १२० वॉट ओढतो. ही फसवणूक नाही. एलईडी मुद्दाम कमी करंटवर चालवलेले असतात आणि त्यामुळे ते टिकतात. दोन फुटी टाकीला असा एक दिवा पुरतो, चार फुटीला दोन लागतात.

प्रवाळांचं आधी ठरवा. दगडी सांगाड्याचे सगळे प्रवाळ, ब्लॅक कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे हे आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. दुकानदार 'कुणी विचारत नाही' म्हणाला तरी घेऊ नका. झोआ, मशरूम, लेदर, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप या मऊ मंडळींची टाकी भरगच्च दिसते आणि त्यांना उजेडही कमी लागतो. त्यांना ५० ते १५० पीएआर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या उजेडाचं माप) पुष्कळ होतो. हा दिवा पूर्ण ताकदीवर याच्या कितीतरी पुढे जातो. म्हणजे आपल्याला याची ताकद वाढवायची नसून आवरायची आहे, हे सुरुवातीलाच मनात पक्कं करा.

## पायरी १: खोकं उघडल्यावर, टाकीपासून लांब

नवा दिवा थेट टाकीवर चढवू नका. जेवणाच्या टेबलावर दोन दिवस चालवून पाहा. जवळ मल्टीमीटर, स्क्रू ड्रायव्हर, कोरडं मायक्रोफायबर कापड आणि एक वही ठेवा.

आधी लेबल वाचा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर चालेल. फक्त ११० असेल तर दिवा परत करा. सोबत आलेली कॉर्ड बहुतेक वेळा परदेशी पिनेची असते आणि लोक तिला स्वस्तातलं युनिव्हर्सल अडॅप्टर लावतात. त्यातल्या बऱ्याच अडॅप्टरमध्ये अर्थिंगचा संपर्कच नसतो. कॉम्प्युटरच्या सीपीयूला लागते तसली आयएसआय खुणेची तीन-पिनी कॉर्ड यातल्या बहुतेक दिव्यांना बसते, ती घ्या.

मग मल्टीमीटर बीपवर ठेवून एक टोक कॉर्डच्या जाड, लांब पिनेला आणि दुसरं डब्याच्या उघड्या स्क्रूला लावा. बीप वाजली पाहिजे. वाजली नाही तर अर्थिंगची वायर आत रंगाच्या थरावर कसलेली असू शकते. रंग खरवडून ती पुन्हा घट्ट बसवावी लागते. स्वतः येत नसेल तर वायरमनकडून करून घ्या, पण केल्याशिवाय पुढे जाऊ नका. पत्र्याचा डबा आणि खारं पाणी एका जागी येणार आहेत.

आता दोन्ही बटणं अगदी कमी करून दिवा लावा. एलईडींकडे सरळ पाहू नका, निळा प्रकाश डोळ्यांना त्रास देतो. खाली पांढरा कागद धरा, किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. जांभळे एलईडी इतरांपेक्षा मंद दिसतात. ते खराब नसतात, त्यांचा प्रकाश आपल्या डोळ्याला कमी दिसतो एवढंच.

तपासा: दोन्ही पंखे फिरतात का? दोन तास पूर्ण ताकदीवर चालल्यावर डब्यावर तळहात टेकवता येतो का? चटका बसून हात काढावा लागला तर दिवा बदलून घ्या.

## पायरी २: आधी वीज, मग दिवा

माझं घर नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत आहे. दिव्याच्या आधी मी वायरमनला बोलावलं, ते केवळ बोर्ड वर सरकवायला. त्याने सॉकेट उघडलं, आत टॉर्च मारला आणि म्हणाला, "ताई, तिसरं भोक आहे, पण मागे वायरच नाही." पंधरा वर्षं आम्ही त्या सॉकेटला फ्रिज लावत होतो. जुन्या इमारतीत राहत असाल तर हे पाहून घ्याच. नव्या टॉवरमध्ये बहुतेक वेळा वायर असते, तरी तपासायला पाच मिनिटंच लागतात.

वायरमनकडून एवढी कामं करून घ्या. टाकीच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच, हवा. दिवा आणि पंप वेगवेगळ्या ईएलसीबीवर हवेत, म्हणजे दिव्यातल्या दोषाने पंप बंद पडणार नाही. उजेडावाचून प्रवाळ चार दिवस काढतात. हालत्या पाण्यावाचून मासे काही तासांत गुदमरायला लागतात. बोर्ड टाकीच्या बाजूला आणि पाण्याच्या पातळीच्या वर घ्या, स्टँडच्या आत कधीच नको.

प्रत्येक वायर सॉकेटला जाण्याआधी खाली झोळ घेऊन मग वर चढली पाहिजे. वायरवरून ओघळणारा थेंब त्या झोळातून जमिनीवर पडतो, सॉकेटमध्ये शिरत नाही. वायर वरून सरळ सॉकेटमध्ये उतरवणं ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे.

महावितरणचा पुरवठा देखभालीसाठी चार-चार तास बंद होतो तेव्हा दिव्याची चिंता करू नका. पंपाची करा. वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप घेऊन ठेवा.

सावधान: ईएलसीबीवरचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही तर तो ईएलसीबी फक्त शोभेला आहे.

## पायरी ३: टांगायचा कसा

दिव्याचं वजन तीन किलोच्या आसपास. फॉल्स सीलिंगचा जिप्सम बोर्ड ते पेलेल असं वाटतं, पण स्क्रू महिनोन्महिने सैल होत जातो आणि एका रात्री सगळं पाण्यात येतं. फास्टनर वरच्या काँक्रीटच्या स्लॅबमध्येच गेला पाहिजे. भाड्याचं घर असेल, मालक भोकं पाडू देत नसेल, तर स्टँडला मागून कसलेला स्टेनलेस पाइपचा 'एल' ब्रॅकेट करून घ्या. फॅब्रिकेटरला टाकीची उंची आणि पाण्यावर ३० सेंटिमीटर ही दोन मापं दिली की काम होतं.

टाकी आधीच भरलेली असेल तर ड्रिल मारताना ती प्लॅस्टिकने पूर्ण झाका आणि खोलीतले पंखे बंद ठेवा. सिमेंटची धूळ पाण्यात गेली तर त्या दिवसाची सगळी मापं बिघडतात.

हूक आणि तार कशाची आहे ते पाहा. क्रोम चढवलेला लोखंडी हूक खाऱ्या हवेत वर्षभरात पापुद्रे सोडतो. पितळी हूक त्याहून वाईट. पितळेत तांबं असतं, त्यावर हिरवट जंग चढतो आणि तो थेंबाथेंबाने टाकीत उतरतो. तांबं प्रवाळ, गोगलगायी आणि कोळंबी या सगळ्यांना विष आहे. वाशी, नेरूळ, ऐरोलीसारख्या खाडीकाठच्या घरांत तर स्टेनलेसशिवाय काही वापरूच नका.

उंची पाण्यापासून २५ ते ३० सेंटिमीटर ठेवा. यापेक्षा खाली आणला तर बरोबर मधोमध उजेडाचा भाला उतरतो, कोपरे अंधारात राहतात आणि शिंतोडे थेट लेन्सवर बसतात. फार वर नेला तर निम्मा उजेड सोफ्यावर पडतो. दिव्यावर निदान १० सेंटिमीटर मोकळी जागा सोडा. लाकडी पेटीत बंद केलेला दिवा स्वतःचीच गरम हवा पुन्हा आत ओढतो.

पाणी आणि दिवा यांच्यामध्ये काचेचं झाकण नको. त्यावर मीठ बसतं आणि टाकीची वाफही कोंडते. मासे उड्या मारतात म्हणून जाळी लावा. दिव्याला खाली ॲक्रिलिकचा गार्ड नसेल तर ३ मिलिमीटरची पारदर्शक शीट कापून, चार कोपऱ्यांना एलईडीपासून बोटभर अंतर ठेवून बसवा. ती स्वस्त शीट पुढची दोन वर्षं दिवा वाचवते.

## पायरी ४: दोन कॉर्डना दोन टायमर

निळ्याला वेगळा, पांढऱ्याला वेगळा. निळा आधी लागतो आणि शेवटी विझतो, पांढरा मधले काही तासच. हाताने लावू-विझवू असं ठरवलं की एखाद्या रविवारी पाहुणे येतात आणि दिवा बारा तास चालतो.

खाच-पिनांचा यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो आणि तेवढा मागे पडतो. पावसाळ्यात वीज वारंवार जाते. महिन्याभरात टाकीची संध्याकाळ मध्यरात्री व्हायला लागते. आत छोटी बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. स्मार्ट प्लग वापरणार असाल तर १६ अँपिअरचा घ्या. दिवा सुरू होताना क्षणभर मोठा करंट ओढतो आणि हलक्या प्लगचा रिले (आतला स्विच) चिकटून बसतो. मग ॲपमध्ये 'बंद' दिसतं आणि दिवा रात्रभर चालू असतो.

मी वापरते ती वेळ अशी: निळा दुपारी २ ते रात्री ११, पांढरा संध्याकाळी ५ ते १०. कामावरून आल्यावर टाकी पाहता येते, आणि एप्रिल-मेमध्ये खोली सगळ्यात तापते त्या वेळी दिव्याची निम्मी उष्णता तरी बंद असते. रात्री ११ नंतर पूर्ण अंधार. माशांना झोप लागते आणि प्रवाळांनाही विसावा मिळतो.

तपासा: पहिल्या आठवड्यात एकदा रात्री बारा वाजता उठून टाकी पाहा. खिडकीतून रस्त्याचा किंवा समोरच्या टॉवरचा झगझगीत उजेड येत असेल तर पडदा लावा. पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारचं ऊनही तिथूनच येतं. त्यावर बटणाचा ताबा नसतो.

## पायरी ५: उजेड हळूहळू चढवणं

टाकी नवीन असेल आणि अजून नायट्रोजन चक्र पूर्ण झालेलं नसेल, म्हणजे घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू रुजलेले नसतील, तर दिवा लावूच नका. त्या चार-सहा आठवड्यांत उजेडाचा उपयोग फक्त शेवाळाला होतो.

पहिले प्रवाळ आल्यावर बटणं कुठून सुरू करायची? निळं २० टक्के, पांढरं ५ ते १०. टाकी तुम्हाला उदास वाटेल. घरातले विचारतील, "एवढे पैसे घालून हा झिरोचा बल्ब का आणला?" इथेच हात बटणाकडे जातो आणि इथेच नुकसान होतं. आपला डोळा हिरवा-पिवळा प्रकाश उत्तम टिपतो, निळा फार कमी. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचं उलट असतं. ४३० ते ४८० नॅनोमीटरचा निळाच त्याचा मुख्य आहार. म्हणजे जो उजेड तुम्हाला मंद वाटतो त्यात प्रवाळाची ताटं वाढलेली असतात. उजेड फार झाला की ते शैवाल प्रवाळाला अपायकारक ठरायला लागतं, प्रवाळ त्याला बाहेर काढतं आणि पांढरं पडतं. कमी उजेडात प्रवाळ उपाशी राहतं, पण ते सांगायला आठवडे घेतं आणि तुम्हाला सुधारायला वेळ देतं. जास्त उजेडात तीन-चार दिवसांत खेळ बिघडतो. शंका आली की म्हणूनच बटण खाली न्या.

माझी पहिली झोआची वसाहत, केशरी तोंडांची, साठेक पॉलिप (वसाहतीतली सुटी 'फुलं'), मी अशीच गमावली. सोमवारी दिवा आला. निळं ७०, पांढरं ६०, कारण फोटो छान येत होते. गुरुवारी सकाळी अर्धे पॉलिप मिटलेले होते आणि उरलेल्यांचा केशरी रंग धुतलेल्या कापडासारखा फिका झाला होता. मी पाण्याच्या चाचण्या करत बसले, मीठ मोजलं, अर्धं पाणी बदललं. दिव्याला हात लावला नाही. दहाव्या दिवशी दगडावर फक्त तपकिरी लगदा राहिला होता.

आता वेळापत्रक. दर रविवारी निळं फक्त ५ टक्क्यांनी वाढवा, पांढरं दर दुसऱ्या रविवारी ५ ने. प्रत्येक वेळी वहीत तारीख आणि आकडे लिहा, मोबाइलवर एकाच जागेवरून फोटो काढा. दीड फूट उंच टाकीत मऊ प्रवाळांसाठी निळं ४० आणि पांढरं १५ ते २० च्या आसपास बहुतेकांचं काम होतं. माझं ४० वर थांबलं आणि तीन वर्षं तिथेच आहे. ज्या आठवड्यात पाणी बदलताना काही गडबड झाली, नवीन मासा आला किंवा तापमान चढलं, त्या आठवड्यात बटण हलवू नका. एका वेळी एकच बदल, म्हणजे बिघडलं तर कशामुळे ते कळतं.

बटणांवर नेलपॉलिशने रेघ मारून ठेवा. धूळ पुसताना हात लागून बटण फिरतं आणि कळतही नाही.

नंतर आणलेला प्रत्येक नवा प्रवाळ आधी तळाशी, कडेला ठेवा. दोन आठवडे तिथे, मग अर्ध्या उंचीवर, मग त्याच्या जागी. त्याच्यासाठी सगळ्या टाकीचा उजेड कमी-जास्त करू नका.

मोजायचं कशाने? पीएआर मीटर महाग असतो. ओळखीत कुणाकडे असेल तर एका दिवसासाठी मागा आणि वेगवेगळ्या उंचीवरचे आकडे वहीत लिहून ठेवा. साधा लक्स मीटर स्वस्त आहे, पण तो माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतो, म्हणून निळ्या दिव्याखाली त्याचा आकडा फसवतो. लक्सवरून पीएआर काढायच्या फंदात पडू नका. त्याचा उपयोग एकाच कामासाठी करा, दिव्याची स्वतःशीच तुलना. दिवा टांगल्यावर दोन्ही बटणं क्षणभर ५० वर आणा, मीटर पाण्याच्या पातळीवर बरोबर मध्यभागी धरा, आकडा लिहा, बटणं परत रेघेवर न्या. हा तुमचा पहिला आकडा. पुढे दर महिन्याला तोच प्रयोग.

## पायरी ६: प्रवाळ काय सांगतंय

उजेड जास्त झाला की झोआ आखूड होऊन दगडाला चिकटतात, मशरूम गोळा होतात किंवा आठवड्या-दोन आठवड्यांत सरकत सावलीत जातात, रंग फिका पडतो. कमी पडला की झोआंचे दांडे लांब होतात, माना वर काढल्यासारखे. मशरूम ताटलीसारखे पसरतात, आणि सगळ्यांवर तपकिरी झाक येते.

एक गफलत मात्र टाळा. लेदर कोरल अधूनमधून पाच-सात दिवस मिटून मेणचट दिसतं आणि मग वरची कात टाकतं. त्याचा उजेडाशी संबंध नाही. त्या दिवसांत बटणाला हात लावू नका, फक्त त्याच्यावरून पाणी नीट वाहतंय ना ते पाहा.

दिव्याकडे बोट दाखवण्याआधी तीन गोष्टी मोजा: खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ च्या जवळ, तापमान २५ ते २७ अंश, अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (डीकेएच हे तिचं एकक). हे तिन्ही जागेवर असतील आणि लक्षणं जास्त उजेडाची असतील तर निळं एकदम १० टक्क्यांनी खाली आणा आणि दोन आठवडे थांबा.

## पायरी ७: मीठ, आणि आपला पावसाळा

बुडबुडे फुटतात, बारीक तुषार उडतात, पाणी सुकतं, मीठ राहतं. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात ते पांढऱ्या, कोरड्या पापुद्र्यासारखं दिसतं आणि कुणी मनावर घेत नाही. पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. जूनच्या मध्यापासून ठाण्यात आणि नवी मुंबईत दिवसचे दिवस आर्द्रता याच्या वर असते. मे महिन्यात निरुपद्रवी असलेला तोच पांढरा थर जुलैत वीज वाहून नेणारं ओलं खारं पाणी होतो.

दोन वर्षांपूर्वी जुलैत आमच्याकडे चार संध्याकाळी ओळीने पाच वाजता खटका पडला. पाच म्हणजे पांढरा चॅनल सुरू व्हायची वेळ. सासूबाई म्हणाल्या, "त्या दिव्याचंच काहीतरी आहे बघ." कॉर्ड डब्यातून उपसली तर तिच्या टोकाच्या आत, पिनांच्या मध्ये, ओल्या रव्यासारखं मीठ साचलेलं. बोटाला चिकटलं. उन्हाळाभर मी दिव्याचा गार्ड पुसत होते, पण कॉर्ड एकदाही काढून पाहिली नव्हती.

दर आठवड्याला: दिवा बंद करा, दोन्ही कॉर्ड भिंतीतून काढा, थंड होऊ द्या. मायक्रोफायबर आरओच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि गार्ड पुसा, मग कोरड्या कापडाने. नळाचं पाणी वापरलं तर डाग राहतात. काच पुसायचे स्प्रे अजिबात नकोत. त्यांत बऱ्याचदा अमोनिया असतो आणि तो टाकीत गेला तर मासे जातात.

दर महिन्याला: कॉर्डची टोकं उपसून पाहा. मीठ दिसलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इअरबडने साफ करा आणि तासभर पूर्ण सुकू द्या. जून ते सप्टेंबर हे काम दर पंधरा दिवसांनी. लक्सचा आकडा याच दिवशी घ्या, गार्ड पुसल्यानंतर.

दर तीन महिन्यांनी: पंख्याची जाळी काढून मऊ ब्रशने पाती आणि खालच्या हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटी साफ करा. टाकी हॉलमध्ये असेल तर स्वयंपाकघरातल्या फोडणीचा आणि तळणाचा चिकट धूर इथेच बसतो आणि त्यावर धूळ. गणपतीत आमच्या हॉलमध्ये दहा दिवस धूप-उदबत्ती चालते. विसर्जनानंतर गार्डवर आणि पात्यांवर पिवळसर थर हमखास असतो. त्या आठवड्याची सफाई चुकवू नका.

सावधान: बरेच महिने न पुसलेला गार्ड एकदम लख्ख केला तर प्रवाळांना तो उजेड वाढवल्यासारखाच वाटतो. अशा वेळी आधी निळं ५ ते १० टक्क्यांनी कमी करा, मग पुसा, मग दोन आठवड्यांत परत चढवा.

## पायरी ८: एप्रिल-मे

पाणी २९ च्या वर जायला लागलं तर आधी पांढऱ्या चॅनलचे दोन तास कापा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा येईल असा छोटा पंखा लावा. बाष्पीभवनाने पाणी दोन अंश सहज उतरतं. उडालेलं पाणी रोज आरओच्या गोड पाण्याने भरा, खाऱ्या पाण्याने नाही. पाणीच उडतं, मीठ मागे राहतं. पावसाळी हवेत हा उपाय नीट चालत नाही, त्यामुळे जूनच्या सुरुवातीच्या उकाड्यात खोलीचा एसी किंवा पाणी गार करणारा चिलर हाच मार्ग उरतो.

## पायरी ९: पंखा किंवा एलईडी गेला तर

पंखा मरण्याआधी आवाज बदलतो, आधी खरखर आणि मग सुरू होताना टकटक. त्याच आठवड्यात बदला. पंखा बंद पडलेला दिवा चालूच राहतो, म्हणून लक्षात येत नाही. आत एलईडी भाजत असतात. बहुतेक दिव्यांत १२ व्होल्टचे साधे चौकोनी पंखे असतात. जुना काढून त्याचं माप आणि व्होल्टेज पाहून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात तसलाच मिळतो, सोबत थर्मल पेस्टची (एलईडीची उष्णता खालच्या धातूकडे नेणाऱ्या लेपाची) ट्यूबही घ्या. मी दोन घेते, एक कपाटात राहतो.

एखादा एलईडी विझला आणि बाकी सगळे चालू असतील तर काही करू नका. ५५ मधल्या एकाने टाकीला फरक पडत नाही. पूर्ण चॅनल विझला तर एक एलईडी तुटून सगळी माळ खंडित झाली असेल किंवा ड्रायव्हर (एलईडींना वीज पुरवणारा भाग) गेला असेल. डबा उघडण्याआधी दोन्ही कॉर्ड भिंतीतून काढून निदान दहा मिनिटं थांबा. माळेत जवळपास २८ एलईडी एकामागे एक जोडलेले असतात. त्यांना मिळणारा दाब ९० व्होल्टच्या आसपास जातो आणि कपॅसिटरमध्ये तो थोडा वेळ टिकून राहतो. मल्टीमीटर डायोडवर ठेवून प्रत्येक एलईडीला टोकं लावा. चांगला अंधुक उजळतो, मेलेला नाही. बदलताना धन-ऋण खूण जुळवा आणि खाली थर्मल पेस्टचा पातळ थर द्या, नाहीतर नवा एलईडी महिन्याभरात जातो. सोल्डरिंग येत नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाला हे अर्ध्या तासात करतो. त्याला फक्त सांगा की हे खाऱ्या पाण्यावर टांगलेलं आहे, सांधे साफ करून दे.

वहीतला लक्सचा आकडा गार्ड पुसूनही पहिल्याच्या तुलनेत पाचव्या हिश्श्याने खाली आलेला दिसला तर दिवा म्हातारा होतो आहे. तेवढं बटण वाढवून आणखी वर्षभर चालतं, कारण आपण ४० वरच होतो, वर पुष्कळ जागा आहे.

दुरुस्त केलेला किंवा नवा दिवा चढवताना मात्र जुन्या रेघेवर लगेच जाऊ नका. ५० वर ठेवून लक्स घ्या, जुन्या आकड्याशी ताडून पाहा, मग निळं नेहमीपेक्षा १५ टक्के खालून सुरू करा आणि दर चार-पाच दिवसांनी ५ ने चढवा. पंधराव्या दिवशी बटण पुन्हा नेलपॉलिशच्या रेघेवर येतं. दिवा नवा असेल तर त्याच्या बटणावर तिथे नवी रेघ मारायची.